हेडमास्तर की जावईबापू

बाळकाकांना कुठल्याही यंत्राला टोपणनाव ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. व्यापाऱ्यानं ऐकून बघायला दोन इक्वलायझर पाठवले, आवाजातला खर्ज नि धार कमीजास्त करायच्या पेट्या, आणि खोकी उघडून होतात न होतात तोच एकाचा हेडमास्तर झाला, दुसऱ्याचा जावईबापू. हेडमास्तर जर्मन. त्याचं प्रत्येक बटण टकटक करत ठरावीक पायऱ्यांनीच फिरणार. जावईबापू जुन्या घराण्यातले, आत व्हॉल्व्ह, आधी निवांत तापणार, मग बटणं लोण्यासारखी फिरणार. आम्हाला दोघांतला एकच ठेवायचा होता. दुसरा न्यायला व्यापाऱ्याचा माणूस संध्याकाळी येणार होता.

गाणं रेकॉर्ड होतं, मिक्स होतं, आणि जगात जाण्याआधी त्यावरून शेवटचा हात आमचा फिरतो. त्याला मास्टरिंग म्हणतात. खर्ज जरा कमी, वरची धार जरा जास्त, दिसायला एवढंच काम. पण लोक ते कान बघून देतात, आणि गाझियाबादच्या आमच्या स्टुडिओत तो कान काकांचा. ते माझे सख्खे काका नव्हेत. दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, सरकारी नोकरीत ध्वनिमुद्रण करायचे. मला या धंद्यात त्यांनीच ओढलं. आता सत्तरीला टेकलेत आणि कानांबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं त्यांना खपत नाही.

आदल्या दिवशी अंशुमनचा फोन आला होता. दिल्लीतली त्याची गाण्यांची कंपनी, आमचं निम्मं काम त्याचंच. "नीरजा जी, बुरा मत मानिए. काका जी की उम्र हो गई है. ये गझलों वाला एल्बम आप कर दीजिए, उनको मैं समझा दूँगा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आप कल आइए, सामने बैठकर सुनिए, फिर बोलिए." फोन ठेवल्यावर कळलं की बोलण्याच्या भरात मी काकांची परीक्षा ठरवून बसले. ती नीट झाली तर अल्बम त्यांच्याकडे राहील. बिघडली तर काकांचे कान गेले ही बातमी सगळ्या दिल्लीत व्हायला वेळ लागणार नव्हता. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. अंशुमन नवीन पेट्या बघायला येतोय, एवढंच मी सांगितलं.

तो आला, मागच्या सोफ्यावर बसला आणि फोन उपडा ठेवून काकांकडे बघत राहिला. त्याचं ते बघणं मला टोचत होतं.

आधी पेटी निवडायची होती. काकांनी डोळे मिटले, मी शेजारी बसून गाणं कधी या पेटीतून, कधी त्या पेटीतून सोडत होते. काका प्रत्येक वेळी न चुकता सांगत होते, हा हेडमास्तर, हा जावईबापू. मी सुटकेचा निःश्वास टाकला. "जावईबापूच," ते शेवटी म्हणाले. "बाईचा आवाज यातून माणसाचा वाटतो. चल, आता जरा कामाला लावू त्यांना."

त्यांनी वरच्या सुरांचं बटण हळूच पुढे नेलं. "हां. आता बघ, तिचा श्वास ऐकू यायला लागला."

खरंच आला. ओळ संपवून गायिका घेते तो छोटासा श्वास मला स्पष्ट ऐकू आला. मी मान डोलावली.

"वाह," मागून अंशुमन. "बिल्कुल."

काकांना चेव चढला. बटण आणखी पुढे गेलं, खर्जाचं मागे आलं, आणि प्रत्येक वेळी मी मान डोलवत होते. अंशुमन पुढे सरकून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा संशय पार गेला होता. आता जिंकलंच, असं मनात म्हणत मी चहाचे कप उचलायला वाकले, आणि जावईबापूंच्या कोपऱ्यातला इवलासा दिवा मला दिसला. तो बंद होता.

 दिवा बंद म्हणजे पेटी बायपासवर. गाणं तिच्यात शिरतच नव्हतं, वळसा घालून सरळ स्पीकरमध्ये जात होतं. मघाशी आलटून पालटून ऐकवताना तो स्विच मीच बंद केला होता आणि परत लावायचा राहिला होता. काका इतका वेळ नुसती बटणं फिरवत होते.

गप्प बसले असते तर? अंशुमन खूश होता. गाणं जसं आलं तसंच बाहेर गेलं असतं, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आज ना उद्या काकांनी तो दिवा पाहिला असता, आणि मी शेजारीच होते हेही त्यांना आठवलं असतं. हातातले कप मी परत खाली ठेवले.

"काका, पेटी बायपासवर आहे," मी शक्य तितक्या हळू म्हणाले.

त्यांचा हात बटणावरच थांबला.  वाकून त्यांनी स्विच दाबला, आणि गायिकेचा प्रत्येक 'स' तडतडत्या मोहरीसारखा अंगावर आला. काकांनी दचकून आवाज बंद केला.

"क्यों, ये भी ठीक था," अंशुमन म्हणाला.

काका खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत म्हणाले, "अंशुमन जी, डिब्बा अब तक बंद था. मैं खाली बटन घुमा रहा था."

 अंशुमननं त्यांना ओलांडून माझ्याकडे पाहिलं. "मैंने कहा था ना, नीरजा जी. एल्बम आप कीजिए."

काकांनी ते 'कहा था' बरोबर पकडलं. त्यांचा चेहरा पडला. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. "कर लेगी," ते म्हणाले. "अच्छा करेगी."

अल्बम माझा होता. नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

"साँस मुझे भी सुनाई दी थी," मी म्हणाले. मग राग आवरेना. "और आपको भी. वाह आपने ही कहा था."

त्याचा चेहरा आंबट झाला. "तो फिर मैं मुंबई में करा लेता हूँ," म्हणत त्यानं फोन उचलला आणि तो निघून गेला.

दार लागल्यावर काका माझ्यावरच उखडले. "हातातलं काम घालवलंस. माझी कीव आली म्हणून? मी मागितली होती?"

"कीव कसली? मला ऐकू आला होता तो श्वास, काका. नसलेला. मला भीती वाटली."

"मला गेली चाळीस वर्षं ऐकू येतोय," काका म्हणाले. "बटणावर हात ठेवला की कुणालाही येतो. म्हणून तर तुला शेजारी बसवलंय. मान डोलवायला नाही."

मला एकदम रडू आलं आणि रागही आला, कारण त्यांचं खरं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

बेल वाजली. व्यापाऱ्याचा माणूस दारातच उभा राहिला. "जी, कौन-सा ले जाना है?"

"जर्मन वाला," काका म्हणाले. "ये रहेगा."

"नाही," मी म्हणाले. "मला जावईबापू नको."

काकांनी भुवया वर केल्या. "का?"

"मघाशी डोळे मिटून ऐकत होतात, तेव्हा तो तुम्हाला आवडला आणि मी हो म्हटलं. मला हेडमास्तर आवडला होता. जावईबापू सगळ्यांनाच गोड करतो, कडू गझलही."

"चूक आहे तुझं."

"असेल."

 काका त्या माणसाकडे वळून म्हणाले, "भैया, बैठो. थोड़ा टाइम लगेगा." आणि उठून त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बस इथे. आता डोळे तू मीट. स्विच मी फिरवतो."