जाण्यापुरतं पेट्रोल

रामा तांडेलाने जन्मात वाळवंट पाहिलं नव्हतं. पण पाण्यावाचून माणसाचं काय होतं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. तरुणपणी इंजिन बंद पडून त्याची बोट चार दिवस भरकटली होती आणि चहूकडे पाणीच पाणी असताना सहा जणांनी एका हंड्यावर दिवस काढले होते. तेव्हापासून त्याचा नियम ठरला. डिझेल असो की पाणी, तीन वाटे करायचे. एक जायला, एक यायला आणि एक दर्याच्या लहरीला. धाकटी डहाणू गावातली पोरं त्याची टर उडवायची. रामाकाका परसाकडे जाताना पण तीन टमरेलं नेतो म्हणायची. उडवोत बापडी. चाळीस वर्षांत त्याच्या बोटीवरचं एक माणूस कमी झालं नव्हतं.

कमी झालं ते मुलाच्या हाताखाली. रामाचे गुडघे गेले तेव्हा त्याने बोट थोरल्या जतीनच्या ताब्यात दिली. धाकटा जीवन त्याच बोटीवर खलाशी होता. जाळं आत आलं की तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, डोकी मोजायची, मोठ्याने, ही रामाचीच शिकवण. मागच्या वर्षी मार्चमध्ये एका पहाटे इंजिन नखरे करत होतं, जतीन त्यात हात घालून बसला आणि मोजायचं राहिलं. मोजलं तेव्हा एक डोकं कमी भरलं. तिसऱ्या दिवशी जीवन नारगोळच्या किनाऱ्याला लागला.

त्यानंतर जतीनने बोटीवर पाय ठेवला नाही. बोट चुलतभाऊ चालवू लागला. जतीन घोलवडहून चिकूचा टेम्पो न्यायचा, घरी यायचा, खाली मान घालून जेवायचा. बापलेकांत बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "हो." मग त्याने कुणाची तरी जुनी बुलेट घेतली आणि या मे महिन्यात त्याच्या डोक्यात राजस्थान शिरलं. तलासरीचा नविन आणि आणखी तिघे मित्र, पार जैसलमेरच्या पुढे, जिथे डांबर संपतं तिथवर. मोबाइलवर नकाशे उघडून बसायचा, वहीत लिहायचा, खोडायचा. एकदा तर तव्यावरचा बोंबील उचलून तोंडात टाकला आणि आईला म्हणाला, "तिकडे हे मिळायचं नाय." शांती दोन दिवस ते शेजारणींना सांगत होती. पोरगं माणसात आलं म्हणून तिने देवीला नारळसुद्धा फोडला.

"मासेवाल्याचं पोर आणि वाळवंटात," रामा कुरकुरला होता. "पाण्याला भ्यालं की माणूस वाळूत तोंड खुपसतं."

"तुम्ही गप बसा," शांती म्हणाली होती.

निघायला दोन दिवस उरले तेव्हा जतीन टेम्पोवर गेलेला असताना तिनेच ती वही आणून रामाच्या मांडीवर ठेवली. "एवढा दर्या फिरलात तुम्ही. बघा जरा, पोराचं काही घ्यायचं राहिलंय का."

रामाने चष्मा चढवला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. दुसऱ्याच्या तयारीत खोट काढणं हा त्याचा आवडता धंदा, आणि वर्षभर त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. चौथीपर्यंतच्या शाळेवर तो अक्षर अक्षर लावत वाचू लागला. पंक्चरचं सामान, चेनचं तेल, दोर, टॉर्च. ठीक. पहिला दिवस अहमदाबाद, दुसरा बाडमेर, तिसरा जैसलमेर. ठीक. चौथ्या दिवशी शेवटचा पंप, टाकी फुल, तेरा लिटर. तिथून आत वाळूची वाट, एकशे तीस किलोमीटर, आणि तिच्या टोकाला लाल पेनाने गोल. पाणी सहा लिटर. जादा पेट्रोल काही नाही.

पुढचं पान त्याने उलटलं. कोरं होतं. त्याच्या पुढचंही.

"गाढव," तो म्हणाला. "येण्याचं लिहायलाच विसरला."

"मग सांगा ना त्याला."

सांगू म्हणून त्याने वही मिटली, पण मन मिटेना. सहा लिटर पाणी पाच जणांना म्हणजे घोट घोट. जतीन वाटेल ते असेल, पण पाण्याचा हिशोब चुकणारा नव्हता. तो हिशोब त्याच्या कानशिलात वाजवून वाजवून रामानेच शिकवला होता. दुपारचं जेवण तसंच ठेवून तो डहाणू स्टेशनला गेला आणि तलासरीची एसटी पकडली.

हायवेच्या कडेला नविनचं गॅरेज. शाळेपासून तो जतीनच्या गळ्यात गळा घालून वाढलेला. फोनवर कुणा गुजराती गिऱ्हाइकाला "काले आवजो, काले" म्हणून उद्यावर ढकलत होता. रामाला बघून त्याने हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"काका, तुम्ही? एवढ्या उन्हात?"

"तुमची तयारी बघायला आलो. निघताय ना परवा?"

नविनचा चेहरा उतरला. "मी कुठे निघतोय? मी त्याला पहिल्याच दिवशी नाय म्हटलं. मे महिन्यात तिकडे कोण जातं, काका? लोक थंडीत जातात. आता तिकडची माणसंसुद्धा दुपारची घराबाहेर पडत नसतील."

"आणि ते बाकीचे तिघे?"

"कोण तिघे?"

मागे ट्रकांची रांग धडधडत गुजरातकडे चालली होती.

"मला वाटलं, त्याने बेत सोडला," नविन म्हणाला. "मागे एकदा आला होता. मी म्हटलं, जायचंच असेल तर पेट्रोलचा कॅन अडकवायला स्टँड बसवून देतो. तर म्हणतो, नको, उगाच वजन."

"वाळूत किती देते रे ही गाडी?"

"पहिल्या-दुसऱ्या गिअरवर? दहा-बारा, डोक्यावरून पाणी."

तेरा लिटर. दहाने एकशे तीस. रामाने आयुष्यात इतका सोपा हिशोब केला नव्हता. नविनने त्याला दंडाला धरून उठवलं आणि गाडीवर घालून घरी सोडतो म्हणाला. रामाने नको म्हणून मान हलवली. त्याला एसटीच हवी होती. तिथे कुणी बोलणारं नव्हतं.

खिडकीशी बसून त्याला जेट्टी दिसत राहिली. बोट परत आली ती सकाळ. शांती तेव्हा वाणगावच्या बाजारात मासळी घेऊन बसली होती, तिला अजून काही कळलं नव्हतं. जतीन बोटीवरून उतरला, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहिला, "बाबा, जीवन..." एवढंच म्हणाला. आणि रामा जे बोलला ते फक्त जतीनने ऐकलं होतं. रामाने स्वतःची समजूत घातली होती की त्या गोंधळात त्यानेही ऐकलं नसेल. माणूस दुःखात काय वाटेल ते बोलतो, असंही तो मनाशी म्हणायचा. पण सुटलेला शब्द चौदा महिने त्या पोराच्या पोटात होता, आणि आता त्याने वहीत त्याचं उत्तर लिहिलं होतं.

रामा घरी आला तेव्हा पाच वाजले होते. जतीन अंगणात बुलेटच्या चेनला तेल देत होता. शांती ओट्यावर सुके बोंबील निवडत होती.

"कुठे गेला होतात?" जतीनने न बघता विचारलं.

"तलासरीला."

जतीनचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला.

"मला पण यायचंय," रामा म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्याबरोबर. मागे बसेन. दर्या बघून डोळे विटले, वाळू बघतो."

शांती हसली. "अवो, गुडघे बघा तुमचे! बुलेटवर टांग कोण टाकून देईल?"

"तू नको बोलू. काय रे, नेतोस ना?"

"नाय," जतीन म्हणाला.

"का?"

"ऊन आहे. तुम्हाला झेपायचं नाय."

"मेलो तर मेलो. नेतोस का?"

"नाय म्हटलं ना!" जतीनने तेलाचा डबा आपटला. "तुम्ही असलात तर मला परत यावं लागेल!"

शांतीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. ती एकदा मुलाकडे बघे, एकदा नवऱ्याकडे.

"म्हणजे काय?" ती म्हणाली. "परत यावं लागेल म्हणजे काय रे?"

जतीन खाली बसला. उत्तर त्याने द्यायचं नव्हतंच, हे रामाला कळत होतं. आपण आता गप्प बसलो तर हा पोरगा कसंही करून जाईल, परवा नाही तर पावसाळ्यानंतर, वाळवंटात नाही तर आणखी कुठे. आणि बोललो तर ही बाई, जिच्याबरोबर पस्तीस वर्षं काढली, ती पुन्हा आपलं तोंड बघणार नाही. त्याला भीती वाटली. चार दिवस भरकटलेल्या बोटीवर वाटली नव्हती एवढी.

"शांते," तो म्हणाला. "ज्या दिवशी जीवन गेला, हा पाण्यातून वर येत होता. तेव्हा मी ह्याला विचारलं... मी म्हटलं, तू कशाला परत आलास?"

शांतीने हातातला बोंबील खाली ठेवला.

"माझंच पोर थंडीने कापत होतं, आणि मी हे म्हटलं. चुकलं माझं. त्याच दिवशी चुकलं, आणि त्यानंतर रोज गप्प राहिलो तेही चुकलं. जतीन, तू आलास म्हणून आम्ही दोघं जिवंत आहोत रे."

"खरंच म्हणाला होतात तुम्ही," जतीन हळूच बोलला. "मला वाटायला लागलं होतं की मलाच भास झाला."

आणि मग तो रडू लागला, जीवनच्या तेराव्यालाही रडला नव्हता तसा, तोंड उघडं टाकून. शांती ओट्यावरून उतरली. नवऱ्याला वळसा घालून गेली, मुलापाशी मातीत बसली आणि त्याचं डोकं तिने छातीशी घेतलं. रामा पुढे झाला तसा तिने मान न वळवता हात वर केला. तिथेच थांबा.

तो थांबला. बऱ्याच वेळाने जतीनने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि आईच्या मुठीत दिली. दोघांपैकी कुणी रामाकडे बघितलं नाही. रात्रीचं ताट त्याच्यापुढे आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तो आपल्या हाताने वाढून घेऊ लागला आणि प्रत्येक वेळी आत डोकावून बघायचा, जतीन जेवायला बसलाय ना.