खडपे, लालबाग, मुंबई १२

"कोल्हापूर? मला विचारा! डोळे बांधून सोडलंत तरी थेट अंबाबाईच्या पायरीवर येऊन उभा राहीन!"

एवढं बोलून जयवंत सीताराम खडपे ऐटीत एक पाऊल मागे सरकला आणि पाण्याच्या पिंपात कोपरापर्यंत बुडाला.

साल अठ्ठावन्न. लालबागच्या त्या चाळीतली बत्तीस माणसं दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूर बघायला निघणार होती. सहलीचा पुढारी अजून ठरायचा होता आणि तो मान जयवंताला हवा होता. गिरणीत तो फिटर. तिथे डोक्यावर जॉबर, जॉबरच्या डोक्यावर मास्तर आणि घरी बायको शेवंती. आयुष्यात एकदा तरी चार माणसांच्या पुढे चालायला मिळावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

ओला हात झटकत त्याने सूचना सुरू केल्या.

"देवळात पहाटे जायचं, गर्दी नसते. रंकाळ्यावर संध्याकाळी, आणि भेळ तिथेच खायची. जोतिबाला पांढरा सदरा घालून जाल तर गुलाबी होऊन याल, तेव्हा जुने कपडे! पन्हाळ्याची पहिली एस.टी. पकडा, पाणी बरोबर घ्या, ऊन चढायच्या आत गड बघून घ्या. सज्जा कोठीत वारा असा, की टोपी काखेत धरायची. आणि तीन दरवाजाला जाल तेव्हा आत डाव्या हाताला बघा. आपलं पूर्ण नाव आहे! गेल्या साली दोन तास बसून छिन्नीने कोरलंय. पत्त्यासकट!"

टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोला, नागरिकहो, तुम्हीआम्ही तिथे असतो तर आपणही वाजवल्या असत्या.

तेवढ्यात चारचं टपाल घेऊन रघुवीर पोस्टमन आला. हातात एक पोस्टकार्ड. चाळीत पोस्टकार्ड म्हणजे सार्वजनिक नळ. तळमजल्यावर ते वाचून झालं होतं, पहिल्या मजल्यावर त्याच्यावर चर्चाही झाली होती.

"खडपे, तुमचं. पन्हाळ्याहून. वाचताय की वाचू?"

"वाच, वाच! मोठ्याने वाच! तिथे ओळख आहे आपली."

रघुवीरने घसा साफ केला.

"रा. रा. जयवंतराव खडपे यांस स. न. वि. वि. आपला पत्ता तीन दरवाजाच्या भिंतीवर मिळाला. नाव कोरणारे पुष्कळ पाहिले, पत्ता देणारे आपण पहिलेच, म्हणून हे पत्र. मी इथला शाळामास्तर. परवा वर्गाला विचारलं, हा दरवाजा कुणी बांधला? एकाने हात वर करून सांगितलं, 'खडपे, लालबाग, मुंबई बारा!' त्याला छडी मारता आली नाही, कारण त्याने वाचलेलंच सांगितलं. नावाखाली आपण 'संयूक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असंही कोरलं आहे. मागणी मला मान्य आहे. पण 'संयुक्त' मध्ये पहिला उकार असतो. वर्गातली निम्मी पोरं आता दुसरा काढतात. कळावे, गणपत कुंभोजकर."

आधी जयवंताची लेक कमल फिसकन हसली. मग गॅलरी हसली. मग वरचा मजला कठड्यावरून वाकून हसला.

"दोन तास मांडीवर भाकऱ्या घेऊन बसले होते मी," शेवंती म्हणाली. "म्हटलं, चला आता, सुकताहेत. तर म्हणाले, थांब, उकार राहिलाय!"

हसले नाहीत ते फक्त नाना. म्हातारे, गिरणीतून निवृत्त झालेले, जयवंताच्या वडिलांचे जोडीदार.

"जयवंता, गिरणीतलं मशीन कुणाचं रे?"

"शेटचं."

"त्याच्यावर कधी नाव कोरलंस?"

"काय नाना! नोकरी जाईल."

"म्हणजे शेटच्या लोखंडाला जपतोस, आणि महाराजांच्या दगडाला छिन्नी लावतोस?"

"प्रेमाने कोरलं हो! आपला महाराष्ट्र, आपला गड..."

"तूही आपलाच आहेस ना? मग येऊ उद्या तुझ्या देव्हाऱ्यावर माझं नाव कोरायला?"

जयवंताने ओली बाही पिळायला घेतली.

"बरं, एकट्याचं तरी कोरायचंस! जयवंत *सीताराम* खडपे! पंचवीस वर्षं सीताराम माझ्या शेजारच्या मागावर उभा होता. दुसऱ्याच्या खुंटीला सदरा अडकवायचा तरी विचारून अडकवायचा. तो मेल्यावर त्याला तू त्या भिंतीवर टांगलंस. येणारा जाणारा त्याला हसतोय!"

अरेरे! आपण नाव सांगताना बापाला नेहमी मधे घेतो. पण त्याला कुठे कुठे घेऊन जातो, हे जयवंताला आज पहिल्यांदा कळलं. त्याची मान खाली गेली. पिंपात बुडाला तेव्हा फक्त हात ओला झाला होता, आता डोळे झाले.

"मला पुढारी करू नका," तो म्हणाला. "मी सगळ्यांच्या मागून येतो. तारेचा ब्रश घेऊन."

आणि तसाच गेला. बाकीचे सज्जा कोठीत टोप्या सांभाळत होते, तेव्हा जयवंत बादली घेऊन भिंत घासत होता. शेवंतीने पाणी आणलं, कमलने चिंधी धरली. भाकऱ्या याही वेळी सुकल्या. सुट्टी असूनही मास्तर वर्ग घेऊन आले. जयवंताने त्यांचे पाय धरले आणि पोरांकडे वळून म्हणाला, "मी खडपे. हा दरवाजा मी बांधलेला नाही. मी फक्त खराब केलाय."

एकही पोर हसलं नाही. ती हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

नागरिकहो, सभेत घसा फोडून 'आमचं' म्हणायला काही लागत नाही. जे खरोखर आपलं असतं त्याच्यावर आपण सही करत नाही. बघावं, हात जोडावे, आणि आलो होतो हे कुणालाही कळू न देता खाली उतरावं. संयुक्त महाराष्ट्र मिळेल तेव्हा मिळेल. त्याआधी जेवढा हातात आहे तेवढा धड ठेवू या!

महिन्याभराने मास्तरांचं दुसरं कार्ड आलं. घासल्यामुळे वर्षभराचं शेवाळ निघालं असून खडप्यांचं नाव आता रस्त्यावरूनही वाचता येतं, असं त्यांनी कळवलं होतं.