विजयादशमीला रिकामं दिसलेलं फोल्डर

मी बोलतेय, चंद्रमतीअक्कांच्या कॉम्प्युटरमधली एक छोटी फाईल. चार ओळींचा माझा संसार. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत जुन्या मराठी कागदांची यादी करणारी कचेरी आहे. तिथली मशीनं सांभाळणाऱ्या हरिप्रसादनं अठ्ठ्याण्णव साली मला लिहिलं. यादी मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर, ती टाईप करणाऱ्या अक्का पुढच्या खोलीत. त्यांचं मशीन सुरू झालं की सर्व्हरवरचं यादीचं फोल्डर त्यांच्यापुढं जोडून द्यायचं, एवढंच माझं काम. माझं नाव कुणी विचारलं नाही, मलाही त्याचं काही वाटलं नाही.

खोड एकच. मशीन सुरू होताना मी सर्व्हरला एकदाच हाक मारी. ओ आली नाही, तर दिवसभर गप्प.

अक्कांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, चंदनकुंकू लावून सगळी मशीनं बंद ठेवली, कधी बंद न होणारा सर्व्हरसुद्धा. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. पूजेतलं मशीन आधी वडीलधाऱ्यांच्या हातून सुरू करायचं, ही इथली रीत. म्हणून अक्कांनी आपलं मशीन लावलं. हरिप्रसाद घरी, लेकीला तांदळात पहिलं अक्षर गिरवायला लावत होता. सर्व्हर मागं तसाच निजलेला.

मी हाक मारली. ओ नाही. सर्व्हर सापडत नाही, अशी पडद्यावर इंग्रजीत एक ओळ सरकून गेली, ती कोण वाचतंय. फोल्डर रिकामं दिसलं.

चौतीसशे नोंदी, तीन वर्षांचं काम. महिनाअखेर अक्का निवृत्त होणार, त्याआधी यादी छापायला जायची होती. सगळं पुसलं गेलं, असं त्यांना वाटलं. नोंदींच्या मूळ चिठ्ठ्यांची पेटी काढली आणि पहिल्या नोंदीपासून टाईप करू लागल्या. सगळं भिंतीपलीकडं सुखरूप होतं आणि मला ते सांगता येईना. फार लाज वाटली.

दुपारी हरिप्रसाद आला. सर्व्हर लावला, फोल्डर जोडलं. चौतीसशे नोंदी जागच्या जागी.

"मग सकाळच्या चाळीस?" अक्कांनी विचारलं.

"त्या तुमच्या मशीनवरच्या रिकाम्या फोल्डरात गेल्या, वर सर्व्हरचं जोडलं तशा खाली झाकल्या गेल्या, अक्का. काढून देतो."

"राहू दे त्या. यादी इथंच होती, तर मला कुणी सांगितलं का नाही?" एवढं बोलून त्या रडल्या.

त्याच संध्याकाळी हरिप्रसादनं मला बदललं. आता कुणी फोल्डर उघडायला गेलं की मी दर वेळी नव्यानं हाक मारते. यादी वेळेत छापून झाली.

आता नवी मशीनं यायची आहेत, म्हणजे मी पुसली जाणार. खुशाल पुसा. फक्त माझ्या जागी जिला लिहाल, तिला एवढं शिकवा: सर्व्हरनं ओ दिली नाही, तर समोर बसलेल्या माणसाला त्याच्या भाषेत सांग, की तुझं काम गेलेलं नाही.