घरची मिश्री

नवऱ्याला कुशीवर वळवता वळवता कमलताईंचा उजवा खांदा गेला. पक्षाघात झाल्यापासून नारायणराव अंथरुणाला खिळलेले, वाचाही गेलेली. त्यांचं सगळं त्या एकट्याच करत. खांद्यातला स्नायू हाडापासून तुटला होता, तो शिवायचा ठरला. नागपूरचा मुलगा हर्षल रजा काढून आला आणि त्यानं स्पष्टच सांगितलं. हात परत आला तर बाबा इथे, पिपलानीच्या घरातच राहतील, नाहीतर नागपूरच्या सेवाकेंद्रात. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे त्यांना ठेवणार कसं? कमलताईंनी मान डोलावली. हात येणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

हबीबगंजजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ऑपरेशनआधी विचारलं, बिडी-सिगारेटची, कसली सवय? कमलताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

"बीडी नहीं जी. बस, सुबह-शाम मिश्री लेती हूँ."

"मीठा शौक है, माताजी," डॉक्टर हसले. त्यांनी रक्तातली साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली. थोडी थोडी चालेल, म्हणाले. कमलताई निर्धास्त झाल्या.

ऑपरेशन नीट झालं. सांगितलेला व्यायाम त्यांनी दातओठ खाऊन केला. कळ आली की डाव्या बोटानं दातांना मिश्री लावायच्या, तेवढाच जिवाला आराम. पण हात काही वर जाईना. पुन्हा आतला फोटो काढला, तर शिवण उसवलेली. साखर नाही, व्यायामात कसूर नाही, मग झालं काय? डॉक्टर फोटोत डोकं घालून बसले तशा कमलताई घाबरल्या आणि सवयीनं कमरेची डबी काढली. काळी पूड बघून डॉक्टरांनी विचारलं, हे काय?

"मिश्री. बताई तो थी."

डॉक्टरांनी चिमूट नाकाशी नेली आणि ते खुर्चीत मागे टेकले. ही तर भाजलेली तंबाखू. हिच्यानं रक्त पुरत नाही, शिवलेलं धरत नाही. वय आहेच, पण हिनंही घात केला असणार. उरलेला स्नायू आता पुन्हा शिवण्याजोगा नाही. मी खडीसाखर समजलो, हेही त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

"आई, जन्म या हिंदी मुलखात काढलास," रिक्षात हर्षल म्हणाला. "मिश्री म्हणजे इथे काय, ते तुला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक कसं नव्हतं? बिट्टन मार्केटातून प्रसादाची खडीसाखर 'मिश्री' म्हणून त्याच तर मागून आणत. पण डॉक्टरांपुढे जीभ माहेरची निघाली.

हर्षलची वाढवून घेतलेली रजा संपत आली आणि सेवाकेंद्राची गाडी दाराशी उभी राहिली. कमलताईंनी घर आवरून मागून यायचं होतं. दोघा माणसांनी नारायणरावांना आत निजवलं. त्यांनी धड असलेल्या हातानं बायकोचा पदर घट्ट धरला होता. कमलताईंनी डाव्या हातानं त्यांचं एकेक बोट उकललं.

मग त्या गाडीच्या माणसांकडे वळल्या.

"बाईं करवट पर ज्यादा देर मत रखना, भैया. दुखेगा तो ये बता नहीं पाएँगे."