तीनशे कोयते आणि एक अर्धा

कानिफनाथ मुकादमाची थाप एकदा तोंडातून सुटली की मिरजगावच्या बाजारात चहा पिऊनच परत यायची. ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा हा गडी सांगायचा, आमची चिंचखडकी एवढी दाट, की एकानं जांभई दिली तर सात घरांची तोंडं उघडतात. एका बाबतीत मात्र तो थापा मारत नसे. वाडीला स्वतःची ग्रामपंचायत त्याला जिवापाड हवी होती. साध्या रहिवासी दाखल्याला थोरल्या गावी जायचं, आणि तिथल्या शिपायानं हसून विचारायचं, "आलं का शेपूट?"

हजार माणसं भरली तर वाडी वेगळी होणार होती. दसरा झाला, टोळ्या निघायच्या बेतात, तेवढ्यात पंचायत समितीच्या धनश्री मॅडम शिरगणतीला आल्या. मूळच्या कोकणातल्या, नोकरीत नव्या.

"वाडीत किती आहेत, मुकादम?"

कानिफनाथानं जन्मभर एकाच मापानं माणसं मोजलेली. छाती फुगवून म्हणाला, "तीनशे कोयते, मॅडम. आन् वर एक अर्धा."

इकडं माणसाला कोयता म्हणत असतील, असं समजून मॅडमनी तीनशे लिहिले. मग पेन थांबलं. "अर्धा माणूस?"

"हाय की. ती काय, कडूबाई."

समोरच्या ओट्यावर कडूबाई भाकरी थापायची थांबली.

मॅडमनी मान हलवली. "हजार कुठं, हे कुठं! नाही जमायचं."

कानिफनाथाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला वाटलं, ह्या अर्ध्यानंच घात केला. "थांबा मॅडम! सांजच्याला तिला पुरी करतो. बेलापूरला बजरंग म्हनून एक अर्धा हाय, बायकू न्हाई त्याला. फोन लावतो, आजच बार उडवू!"

कडूबाई पिठाच्या हातानं उठली. "माझं लगीन तू लावतुस व्हय रं, मुडद्या? मॅडम, कोयता म्हंजी ऊस तोडनारी नवरा-बायकूची जोडी. म्या एकटी, म्हनून ह्यो अर्धी म्हनतुया. आन् पोरं, म्हातारी ऊस तोडत न्हाईत, म्हनून ह्यानं मोजलीच न्हाईत!"

मॅडम हसता हसता खालीच बसल्या. मग भैरोबाच्या पारापुढं नव्यानं मोजणी झाली. लेकरं कडेवर आली, म्हातारी खाटेसकट आली. कानिफनाथानं एक बोकड टोपी घालून मधे उभा केला होता, तो मॅडमनी हुडकून काढला.

आकडा आला नऊशे नव्व्याण्णव.

कडूबाई चुलीपाशी परत गेली होती. कानिफनाथ धावला. "चल की गं, आक्का."

"अर्ध्या मानसाचं काय काम तिथं?"

"चुकलं माझं."

"एक म्हन. समद्यांदेखत."

"एक."

"आयकू न्हाई आलं."

मुकादमानं पोटातून अशी आरोळी ठोकली, की थोरल्या गावात म्हशींनी दावी तोडली म्हणतात. "एक! पुरी एक!"

कडूबाईनं तव्यावरची भाकरी निवांत उलटली, शेकली, टोपलीत टाकली. हात पुसत पारापुढं आली आणि दाटीवाटीनं उभ्या बायकांना कोपरानं बाजूला सारत म्हणाली, "सरका गं. सबंध मानसाला जागा द्या."

मॅडमनी हजार लिहिले आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.