सहातल्या तीन बाटल्या

दानेश्वरीला गप्प बसण्यातून काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकू. एका पेशंटच्या मुलाचा, व्यंकटचा, आशीर्वाद, वॉर्डात शांतता, आणि 'टेबलावरची अक्का लई मायाळू' हे नाव. ते नाव कलबुर्गीच्या कॅन्सरच्या दवाखान्यातून निघून बसनं भालकी-औरादपर्यंत पोचलं होतं. पगारात एका पैची भर पडणार नव्हती. पण मायाळू म्हणवून घ्यायची चटक लागली की माणसाला पगाराचं काय?

कागदावर तिचा हुद्दा रुग्ण सहाय्यक. डॉक्टर कन्नडमध्ये सांगतील ते सीमेवरच्या मराठी माणसांना त्यांच्या बोलीत सांगायचं, तपासणीच्या रांगेत उभं करायचं, उलटी आली तर पाठ चोळायची. तिचं माहेर भालकीचं, त्यामुळे दोन्ही भाषा तोंडात खेळत्या. एकीतून दुसरीत नेताना चिमूटभर साखर घालायची तिला सवय होती. डॉक्टरांचा काढा जसाच्या तसा कुणाला उतरत नाही, असं तिचं मत.

भालकीजवळच्या मेहकरच्या सुभद्राबाई छातीतली गाठ घेऊन आल्या, तेव्हा त्यांचा मुलगा व्यंकट आधी एकटाच दानेश्वरीच्या टेबलावर वाकला.

"अक्का, आईला रोगाचं नाव सांगू नका. माझ्या पोरीचं, विजयश्रीचं, लगीन चिंताकीला जमायलंय. घरात त्यो रोग हाय म्हणून कळलं तर पावणे उठून जातील. अन् आईच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. कंडक्टरला बी सांगंल."

दानेश्वरीनं मान डोलावली. असा शब्द तिनं आजवर पन्नास घरांना दिला होता.

डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांनी एक, अशा केमोच्या सहा बाटल्या पुऱ्या व्हायलाच हव्यात. मध्येच सोडलं तर रोग उलटेल. आता रोगाचंच नाव घ्यायचं नाही, तर उलटेल काय म्हणून सांगायचं?

"मावशी, साधी गाठ हाय," दानेश्वरी म्हणाली. "ताकदीच्या सहा बाटल्या घेतल्या तर लई चांगलं."

तिसऱ्या बाटलीला सुभद्राबाई डोक्यावरून पदर घट्ट लपेटून आल्या. खाटेवर बसल्या आणि पदर मागं सारला.

"काय गं, ताकदीनं केस गळत्यात व्हय? मग ताकद जायलीय कुठं, टकलात?"

वॉर्ड हसला. दानेश्वरीही हसली, पण तिची नजर खाली गेली.

"गाठ बसली बघ," सुभद्राबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात नातीचं लगीन. हळद कोण दळणार? आता काय मी येत न्हाई."

"मावशी, अजून तीन हायत."

"चांगलं म्हणलीस, पायजेतच म्हणली न्हाईस. चांगलं तर बदाम बी असतंय."

आईच्या पाठीमागं व्यंकट उभा होता. त्यानं दानेश्वरीपुढं हात जोडले. एक शब्द तिच्या जिभेवर येऊन बसला होता. तो तिनं गिळला.

"लगीन झालं की लगेच या," एवढंच ती म्हणाली.

तिनं दोनदा फोन केला. "मांडव निघू द्या अक्का, आलोच," व्यंकट म्हणाला. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही.

त्यानंतर पाचव्या महिन्यात सुभद्राबाई चाकाच्या खुर्चीवरून आल्या. फुफ्फुसात पाणी. डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले, आता बाटल्यांचा उपयोग नाही, दुखणं तेवढं कमी करू. सुभद्राबाई डॉक्टरांकडं नव्हे, दानेश्वरीच्या तोंडाकडं बघत होत्या.

"साखर पुरे आता, पोरी. हाय तसं सांग."

दानेश्वरीनं पहिल्यांदा रोगाचं नाव घेतलं. उरलेल्या तीन बाटल्यांचंही सांगितलं. सुभद्राबाईंनी श्वास गोळा केला.

"कामून सांगितलं न्हाईस? लग्नापायी?"

"व्हय, मावशी. तुमच्या तोंडून बाहेर जाईल म्हणून."

"व्यंकटचा बाप औरादला दुसऱ्या बाईकडं जायचा. बावीस वर्सं ते गिळून बसलेय मी. त्याला तरी कुठं ठाव हाय?"

हातात एक्स-रेची फिल्म घेतलेला व्यंकट दारात उभा होता. त्यानं ऐकलं.

"नात माझी न्हाई का? सांगितलं असतंस तर कुलूप घातलं असतं तोंडाला," सुभद्राबाई म्हणाल्या. "अन् गुडघ्याच्या औषधाला जायलेय म्हणून सांगून सहाच्या सहा घेऊन गेले असते."

अकराव्या दिवशी त्या गेल्या.

विजयश्री चिंताकीत सुखानं नांदतेय. पावण्यांना अजून काही ठाऊक नाही. व्यंकटला हवं ते मिळालं, वर बापाची ती गोष्ट मिळाली, ती त्यानं मागितली नव्हती. दानेश्वरी अजून मायाळूच आहे. व्यंकटनं पाठवलेला लग्नाच्या लाडवांचा डबा तिच्या खणात आहे, तिनं तो उघडलेला नाही. किंमत सगळी एकट्या सुभद्राबाईंनी भरली. आणि सौदा पक्का होत होता तेव्हा त्या तिथंच खाटेवर बसून स्वतःच्या टकलावर वॉर्डाला हसवत होत्या.