सातवी बाई

"मावशी, तुमचा नंबर सातवा," मुलाची आई म्हणाली आणि माझी शिफारसपत्रं न वाचताच बाजूला सरकवली. "दीड वर्षात."

असं तोंडावर सांगणारी मालकीण मी पहिल्यांदाच पाहिली. एरवी मुलाखतीत सगळी घरं साखरेची असतात. मुंग्या नंतर दिसतात. मी नुसती हसले. मला पगारापेक्षा खोली हवी होती, आणि या कामावर खोली होती. सध्या लेकीच्या घरी सोफ्यावर निजत होते. महिनाअखेरीस जावयाचे वडील कायमचे राहायला येणार होते. लेक काही बोलली नव्हती. तिनं फक्त सोफ्याचं माप घेतलं होतं.

"आधीच्या का गेल्या, ताई?" विचारू नये ते माझ्या तोंडून आधी निघतं.

"पहिली आळशी. दुसरी सारखी फोनवर." ती अडखळली. "बाकीच्या चांगल्या होत्या."

"मग?"

तेवढ्यात तिचा दोन-अडीच वर्षांचा लेक आतून आला. एक मोजा पायात, एक हातात. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. बघितलं की मुलं पळतात. जमिनीवर बसले, हातातला मोजा घेऊन बोटांवर चढवला आणि त्या मोज्याला जांभया द्यायला लावल्या. दोन मिनिटांत स्वारी माझ्या मांडीत. माझा जीव भांड्यात पडला. वर बघते तर आईचा चेहरा उतरलेला.

"हेच," ती म्हणाली. "तिसरीच्या वेळी हा झोपेत 'मावशी, मावशी' करायचा. मी जवळ गेले की मला ढकलायचा. मी तिला काढलं. मग चौथीला, पाचवीला. सहावी तर तीन आठवड्यांत गेली. शेजारी म्हणतात, आमच्याकडे बायका टिकत नाहीत."

पोरानं माझी बाही मुठीत धरली होती. सोड रे राजा, मी मनात म्हटलं. एखाद्या मुलानं आपल्याला चावावं असं मला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

"निजवणं तुमच्याकडे ठेवा," मी म्हणाले. "त्या वेळी मी बाहेर. रडला तरी आत यायची नाही."

"माझ्याकडे तो झोपतच नाही."

"डोळे चोळतोय. न्या ना."

"आत्ता?"

"मग कधी, त्याचं लग्न झाल्यावर?"

मी त्याचं एकेक बोट सोडवलं. त्यानं टाहो फोडला. ती त्याला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार बंद झालं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्याला कसं थोपटायचं ते माझ्या हातांना ठाऊक होतं. दार लोटलं असतं तर पोरगं गप्प झालं असतं आणि मी रस्त्यावर आले असते. आत ती बेसूर गात होती, मधेच शब्द विसरत होती. 'जरा उभं धरा' हे ओठांवर आलेलं मी गिळलं आणि हात मागे बांधून उभी राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

रडणं हुंदक्यांवर आलं. मग तेही थांबलं. त्या शांततेनं तर आणखीच धडकी भरली.

कितीतरी वेळानं दार हळूच उघडलं. तिचे केस विस्कटलेले, खांद्यावर लाळेचा डाग.

"झोपला. माझ्या अंगावर. आत्ता पलंगावर ठेवला." मग तिनं मला नीट न्याहाळलं. "तुम्ही खरंच आला नाहीत."

"ठरलं होतं ना."

"सामान किती आहे तुमचं?"

"एकच बॅग," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, आणि आम्ही दोघी श्वास रोखून पलंगाकडे बघत राहिलो.